परदेशात सरकारी नोकरी: कॅनडातले (आणि इतरत्रचेही) अनुभव सांगा

नळपाणी । १९ ऑक्टोबर २०२५

नमस्कार. इतकी वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. चूकभूल सांभाळून घ्या.

मी सांगली जिल्ह्यातली. स्थापत्यची पदविका, मग नोकरी करता करता पदवी, आणि ११ वर्षं ग्रामीण पाणीपुरवठ्यात कनिष्ठ अभियंता. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पीआरवर (कायम वास्तव्याच्या परवान्यावर) कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात आलो. नवरा आयटीतला, त्याला दुसऱ्या महिन्यात काम मिळालं. त्यामुळे त्याच्या लेखी हा देश फार सोपा आहे. मला मात्र माझंच काम हवं होतं, म्हणजे पाणी. आणि पाणी म्हटलं की इथेही सरकारच.

चौदा महिन्यांत ६३ अर्ज झाले. वहीत लिहून ठेवलेत: केंद्राचे १९, प्रांताचे १२, बाकीचे महापालिका आणि रीजन (म्हणजे काही शहरं-गावं मिळून असलेलं स्थानिक सरकार). मुलाखती शून्य.

परवा एका केंद्रीय खात्याकडून ईमेल आलं. 'आवश्यक पात्रता क्रमांक ३ आपण सिद्ध केलेली नाही, सबब आपला अर्ज पुढे विचारात घेतला जाणार नाही.' पात्रता ३ काय, तर पाणी शुद्धीकरणाच्या कामाचा अनुभव! डोकंच फिरलं. ११ वर्षं मी काय भजी तळत होते? तरी धीर धरून आपलाच अर्ज उघडून बघितला. प्रश्न होता: असा अनुभव आहे का, असल्यास कुठे, कधी, किती काळ, नेमकं काय केलंत, उदाहरण देऊन लिहा. खालच्या मोठ्या चौकटीत मी लिहिलं होतं, 'होय. कृपया सोबतचा बायोडेटा पाहावा.'

आपल्याकडे 'सोबत जोडले आहे' लिहिलं की पुरतं. इथे काय करायचं असतं? ज्यांचं झालंय त्यांनी सांगा. कुठल्याही देशातलं चालेल.

काका_सदाशिव । १९ ऑक्टोबर

इकडची सरकारी नोकरी सोडून तिकडे जाऊन पुन्हा सरकारी नोकरीच? 'एकच मिशन, जुनी पेन्शन' करत निघालात की काय? हलके घ्या.

नळपाणी । १९ ऑक्टोबर

काका, मी २०१३ ची भरती. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना कुठली आलीय जुनी पेन्शन! संपात मात्र बसले होते. गंमत म्हणजे इथल्या पालिकांना ओमर्स नावाची पेन्शन योजना आहे, आपला नि पालिकेचा दोघांचाही हिस्सा कापला जातो आणि म्हातारपणी ठरलेली रक्कम मिळते. त्यामुळे तुमचा टोमणा अगदीच वाया गेला नाही.

ओटावाकर । २० ऑक्टोबर

नळपाणी ताई, 'सोबतचा बायोडेटा पाहावा' वाचून हसलो आणि लगेच ओशाळलो. माझा पहिला अर्ज अस्साच गेला होता. बारा वर्षं केंद्रात आहे. अधूनमधून अर्ज चाळणाऱ्यांत बसावं लागतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अर्ज वाचणाऱ्याला अंदाज बांधायची मुभा नसते. अकरा वर्षं पाणीपुरवठ्यात होती म्हणजे बाईने क्लोरिन मोजलंच असणार, हे त्याला कळतं. पण कागदावर नसेल तर तो तुम्हाला गुण देऊ शकत नाही. उद्या दुसऱ्या उमेदवाराने विचारलं की हिला कशावरून घेतलं, तर दाखवायला ओळ हवी. म्हणून जाहिरातीतली आवश्यक पात्रतेची एकेक ओळ घ्यायची, तिच्यातलेच शब्द वापरून उत्तर सुरू करायचं आणि पुढे महिना, वर्ष, गाव, किती घरं, कुठलं उपकरण, शेवटी काय झालं हे सगळं लिहायचं. वाचणाऱ्याला पाण्यातलं ओ की ठो कळत नाही असं धरून चाला. बहुतेक वेळा कळत नसतंच.

दुसरं, 'आम्ही' खोडा. 'आम्ही योजना पूर्ण केली' असं आलं की समितीत पहिला प्रश्न येतो, ते ठीक, पण यात ही काय करत होती? 'मी केलं' म्हणायला आपली जीभ रेटत नाही. लहानपणापासून 'मी मी करू नये' ऐकलेलं. इथे ते 'मी' न लिहिल्याने किती मराठी अर्ज कडेला पडताना पाहिलेत!

आता नियमांचं. जुन्या धाग्यांवर 'नागरिकत्व मिळेपर्यंत केंद्राच्या वाटेला जाऊ नका' असं वाचायला मिळेल. तेव्हा ते बऱ्याच अंशी खरं होतं. बाहेरून भरायच्या जागांना आधी माजी सैनिक, मग नागरिक आणि उरलं तर बाकीचे, असा क्रम होता. जून २०२१ मध्ये कायदा बदलला आणि पीआरवाले नागरिकांच्याच रांगेत आले. माजी सैनिक अजूनही पुढे आहेत. लष्करानेही नोव्हेंबर २०२२ मध्ये पीआरवाल्यांचे अर्ज घ्यायला सुरुवात केली. प्रांत आणि पालिकांचं तर साधारणपणे काम करायचा कायदेशीर हक्क असला की भागतं.

निवड झाली तरी बहुतेक वेळा तुम्ही 'पूल'मध्ये जाता. पूल म्हणजे पात्र लोकांची यादी. त्यातून एखादा व्यवस्थापक तुम्हाला उचलेल किंवा नाही उचलणार. मी पहिल्या पुलात चौदा महिने तरंगत होतो.

मिरचीठेचा । २० ऑक्टोबर

म्हणजे निवड झाली, नेमणूक नाही. एमपीएससीची पोरं हेच तर म्हणतात! तिकीट काढून एवढ्या लांब जायची काय गरज होती? पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसून पण हे मिळालं असतं.

शिरीष_पुष्प । २० ऑक्टोबर

रुमाल टाकून ठेवतेय. आमचंही पुढच्या वर्षी निघायचं चाललंय. @ओटावाकर, फ्रेंच लागतंच का?

ओटावाकर । २१ ऑक्टोबर

कुठे राहता त्यावर. ऑटवा-गॅटिनो पट्ट्यात द्विभाषिक जागा भरपूर. टोरांटो, कॅल्गरी, व्हँकुव्हरकडे फक्त इंग्रजीवर भागणाऱ्या जागा जास्त. वाचन, लेखन, संभाषण या तिन्हींना ए, बी, सी अशा श्रेणी असतात. म्हणून कँटीनमध्ये लोक 'मी बीबीबी आहे, सीबीसीची तयारी चाललीय' असं रक्तगट सांगितल्यासारखं बोलतात. खरी गोम संभाषणात आहे. मी संध्याकाळचे वर्ग लावले, दोनदा नापास झालो, तिसऱ्यांदा बी मिळाला. टेबल 'तो' की 'ते' यावर घरात वाद घालणाऱ्या माणसाला फ्रेंच लिंगांचं भय नसावं. तिथे दोनच आहेत, नपुंसकलिंग नाही. तरीही टेबल स्त्रीलिंगी आहे हे पचायला वेळ लागला.

केंद्राला पार्श्वभूमीची तपासणीही लागते. साध्यात साधी म्हणजे 'रिलायबिलिटी'. त्यात मागची पाच वर्षं बघतात. नवीन आलेल्याची त्यातली चार भारतात गेलेली असतात, म्हणून पोलीस दाखला, जुने पत्ते, जुने साहेब सगळं हाताशी ठेवा. पीआरसाठी पदवीचं मूल्यांकन केलं असेल तर तो कागदही जपा, केंद्राला परदेशी शिक्षणाची समकक्षता दाखवावीच लागते.

अंतू_लंडन । २१ ऑक्टोबर

ब्रिटनची गोष्ट आपल्या बऱ्याच लोकांना माहीतच नसते. इथल्या सिव्हिल सर्व्हिसच्या नागरिकत्वाच्या नियमांत कॉमनवेल्थ देशांचे नागरिक बसतात आणि भारत कॉमनवेल्थमध्ये आहे. म्हणजे भारतीय पासपोर्टवरही अर्ज करता येतो. संरक्षण, गुप्तचर वगैरे 'राखीव' जागा फक्त ब्रिटिशांना. अट एवढीच, की तुमच्याकडे इथे काम करायचा व्हिसा आधीपासून हवा. मी आलो तेव्हा दोन वर्षं खाजगीतच खपलो, कारण 'गोऱ्यांचं सरकार आपल्याला कशाला घेतंय' अशी खात्री होती. वरची सुरक्षा तपासणी लागणाऱ्या जागांना मात्र साधारण पाच वर्षांचं इथलं वास्तव्य बघतात.

अर्जातून नाव, कॉलेज बऱ्याचदा काढून टाकतात. २५० शब्दांत एक प्रसंग लिहायचा: परिस्थिती काय होती, तुमच्यावर काय जबाबदारी होती, तुम्ही काय केलंत, निकाल काय. सातपैकी गुण मिळतात, चार म्हणजे काठावर पास. ओटावाकरांचं 'मी' इथेही शंभर टक्के लागू.

देशस्थ_टेक्सास । २२ ऑक्टोबर

अमेरिकेत उलटं आहे. १९७६ पासून केंद्राच्या नेहमीच्या स्पर्धात्मक नोकऱ्या अध्यक्षांच्या आदेशाने नागरिकांपुरत्याच आहेत. पण राज्य, काउंटी, शहर यांचं तसं नाही. १९७३ मध्ये सुप्रीम कोर्टाने न्यूयॉर्कचा 'राज्याच्या नोकऱ्या फक्त नागरिकांना' हा कायदा रद्द केला होता. पोलीस, शिक्षक अशा काही जागांना पुढे कोर्टानेच सूट दिली, ते वेगळं. मी ग्रीन कार्डावर राज्याच्या रस्ते खात्यात लागलो. आमच्या मजल्यावर तीन मराठी, चार तेलुगू आणि एक पटेल आहेत. पूल बांधतो, खरे. वर म्हटलेले तरंगायचे नाहीत.

ऑस्ट्रेलियातला मेहुणा सांगतो की तिथे केंद्राला नागरिकत्व लागतं (खात्याचा प्रमुख सूट देऊ शकतो, पण त्या भरवशावर राहू नये), राज्यांना पीआर चालतो.

खडीसाखर । २३ ऑक्टोबर

इथे सगळे इंजिनिअर लिहितायत म्हणून भीत भीत लिहिते. मी बीए मराठी, इचलकरंजीची. सरकारी नोकरी वगैरे डोक्यातही नव्हतं. मुलगी पहिलीत गेली तेव्हा शाळेच्या दारावर चिठ्ठी दिसली: मधल्या सुट्टीत मुलं डबा खाताना लक्ष ठेवायला माणूस हवा. दिवसाला तासभर. तो माझा कॅनडातला पहिला 'सरकारी' पगार. डब्याची झाकणं उघडून देणे, सांडलेलं दूध पुसणे, आणि कुणी कुणाचा चिवडा खाल्ला याचा न्यायनिवाडा.

मग २०२१ ची जनगणना आली. दर पाच वर्षांनी असते, त्यासाठी तात्पुरती माणसं घेतात. ज्यांनी फॉर्म भरले नाहीत त्यांच्या दारात जायचं. कोविड होता, मास्क लावून, घरात पाऊल न टाकता, पायरीवरून दोन हात लांब उभं राहून. आमच्या भागात पंजाबी आणि गुजराती आज्ज्या. त्या इंग्रजी ऐकलं की दार लावायच्या, हिंदी ऐकलं की म्हणायच्या, बेटी, आधी पाणी पी. माझे भरून आणलेले फॉर्म सगळ्यात जास्त. वरच्या बाईंनी शाबासकी दिली आणि त्यांचंच नाव मी पुढे संदर्भ म्हणून दिलं. कॅनडातला साहेब नसेल तर असा तयार करायचा! त्या जोरावर शाळा मंडळात कारकून झाले. आधी बदली कामगार, दोन वर्षांनी कायम.

पुढची जनगणना मे २०२६ ला आहे. शिरीष, वेळेत पोचलीस तर बघ. निवडणुकीच्या केंद्रावरची कामं मात्र केंद्राच्या निवडणुकीत नागरिकांनाच मिळतात.

नळपाणी । २३ ऑक्टोबर

खडीसाखर, आधी पाणी पी! डोळ्यात पाणी आलं. तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला.

सडेतोड । ५ नोव्हेंबर

अर्जात 'तुम्ही दृश्य अल्पसंख्याक (म्हणजे गोरे नसलेले) आहात का' असा रकाना असतो म्हणे. म्हणजे इकडे आरक्षणाच्या नावाने बोटं मोडणारे तिकडे गेल्यावर तोच रकाना भरतात. वा!

ओटावाकर । ५ नोव्हेंबर

रकाना आहे. रोजगार समतेचा कायदा आहे (पहिला १९८६ चा, आताचा १९९५ चा), त्यात चार गट: महिला, आदिवासी, अपंग आणि दृश्य अल्पसंख्याक. आपल्यासारखे राखीव टक्के नाहीत. खात्याने आपल्याकडे कोण कमी आहे ते मोजायचं आणि ती कमी भरून काढायची, असं आहे. एखादी जाहिरात त्या गटापुरती मर्यादितही ठेवता येते. रकाना भरायचा की नाही, मर्जी तुमची. मी भरतो. आणि हो, माझ्या कॉलेजातल्या ज्या मित्राने 'मेरिट मेलं' म्हणून स्टेटस ठेवलेलं असतं, तोही भरतो. तुमचा टोला बसला आहे, सडेतोड.

मिरचीठेचा । ५ नोव्हेंबर

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

व्यवस्थापक । ६ नोव्हेंबर

आरक्षणावरचे अकरा प्रतिसाद 'चालू घडामोडी' विभागात हलवले आहेत. इथे मूळ विषयाला धरून लिहावे.

ओटावाकर । ७ नोव्हेंबर

थोडी कटू बातमी. परवा, ४ नोव्हेंबरला, केंद्राचा अर्थसंकल्प आला. केंद्रातली कर्मचारीसंख्या, जी एकेकाळी ३,६८,००० च्या आसपास पोचली होती, ती २०२८-२९ पर्यंत ३,३०,००० वर आणायची आहे. आमच्याकडे मुदतीच्या कंत्राटावरच्या पोरांना नूतनीकरण मिळत नाहीये. म्हणजे नवीन येणाऱ्यांनी केंद्राच्या पोर्टलवर रात्री जागवण्यापेक्षा पालिका, रीजन, शाळा मंडळं, इस्पितळं यांच्याकडे वळलेलं बरं. नळपाणी ताई, तुमच्या त्या १९ अर्जांमधला वेळ दुसरीकडे लावा. पाणी पिणं काही कोणी बंद करत नाही.

शिरीष_पुष्प । १२ जानेवारी २०२६

ऑन्टॅरिओत १ जानेवारीपासून २५ किंवा जास्त कर्मचारी असलेल्यांना जाहिरातीत 'कॅनेडियन अनुभव आवश्यक' असं लिहायला बंदी आली ना? मग आता सोपं झालं का?

मिरचीठेचा । १२ जानेवारी

लिहायला बंदी आहे, मनात धरायला नाही.

नळपाणी । ८ मार्च २०२६

धागा वर काढतेय. लागले!

क्रमाने सांगते. तुमच्या सगळ्यांचं वाचून अभियंत्याच्या जागांचा हट्ट सोडला. 'ऑपरेटर-इन-ट्रेनिंग' म्हणजे जलशुद्धीकरण केंद्रावरचा शिकाऊ चालक, त्याचा प्रमाणपत्राचा मार्ग धरला. बारावी, पिण्याच्या पाण्याचा प्राथमिक कोर्स आणि एक परीक्षा. नवऱ्याला ते फारसं रुचलं नव्हतं, 'साहेबीण होतीस, आता व्हॉल्व्ह फिरवणार?' म्हणाला. मी म्हटलं, तिकडेही मीच फिरवायचे, फक्त सही वरच्यांची असायची.

त्या कोर्समध्ये वॉकर्टन भेटलं. ऑन्टॅरिओतलं छोटं गाव. मे २००० मध्ये तिथल्या विहिरीच्या पाण्यात ई-कोलाय शिरला, सात माणसं गेली, दोन हजारांवर आजारी पडली. चौकशीत निघालं की पाणी बघणारी माणसं क्लोरिन न मोजताच नोंदवहीत आकडे भरत होती. त्यानंतर २००२ चा पाण्याचा कायदा आला, प्रमाणपत्राचे नियम कडक झाले. मी वर्गात बसून ऐकत होते आणि मला आमची ओटी टेस्ट आठवत होती (पाण्यात थेंब टाकायचे, क्लोरिन असेल तर पाणी पिवळं होतं).

७१ वा अर्ज एका रीजनमध्ये. प्रत्येक उत्तरात मी, मी, मी. लाज वाटत होती लिहिताना. मुलाखतीचं बोलावणं आलं. तिघं जण. प्रश्न कागदावरून वाचायचे आणि मान खाली घालून लिहीत राहायचे. हसणं नाही, 'हं' नाही. आपण बरोबर बोलतोय की वाहवत चाललोय, काही कळायला मार्ग नाही. ओटावाकरांनी विपूत (माझ्या विचारपुशीच्या पानावर) आधीच सांगितलं होतं म्हणून घाबरले नाही.

चौथा प्रश्न: नोंदीत गडबड आढळली तेव्हा तुम्ही काय केलंत, प्रसंग सांगा.

२०१९ चा पूर. कृष्णा उतरल्यावर एका गावात गेले. पाण्याच्या टाकीला चिखलाची रेघ होती, माझ्या खांद्याच्या वर. ग्रामपंचायतीत ओटीची वही मागितली. पुराचे आठही दिवस नोंद: 'योग्य'. एकाच पेनने, एकाच हाताने, सरळ खाली ओढलेल्या आठ सह्या. जलसुरक्षक ते आठ दिवस शेजारच्या गावात शाळेत होता, टाकीपर्यंत होडीही जात नव्हती. मी त्याच्यासमोर टाकीतल्या नळाचं पाणी नळीत घेतलं, थेंब टाकले. पाणी जसंच्या तसं, पिवळेपणाचा मागमूस नाही. मी त्या आठ ओळींवर आडवी रेघ मारली, 'नोंद घेतलेली नाही' लिहिलं आणि सही केली. टाकी धुऊन घेतली, टीसीएलचं (ब्लीचिंग पावडरचं) द्रावण माझ्यासमोर कालवायला लावलं, आणि शेवटच्या घराच्या नळाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन येईपर्यंत गाव सोडलं नाही. तोवर टँकर. सरपंच दोन महिने माझ्याशी बोलत नव्हते.

हे सांगताना पहिल्यांदाच एका बाईंनी मान वर केली. विचारलं, 'रेघ मारलीत, पान फाडलं नाहीत?' म्हटलं, नाही, पान फाडलं तर माझीही वही खोटीच झाली की. त्या परत लिहायला लागल्या.

मग संदर्भ. त्यांना माझे भारतातले साहेब हवे होते, ईमेलवर फॉर्म. साहेब निवृत्त, मिरजेला असतात, ईमेल बघत नाहीत. भाऊ लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे गेला. साहेबांनी आधी एकच ओळ सांगितली: 'शी इज सिन्सिअर अँड हार्डवर्किंग लेडी.' भाऊ म्हणाला, साहेब, चौदा प्रश्न आहेत. साहेबांनी चहा मागवला, चष्मा लावला आणि अडीच तास बसून सगळं भरलं. त्या पुराच्या वहीचं त्यांनी आपणहून लिहिलं होतं. मला वाटायचं त्यांना माहीतच नाही.

पगार नवऱ्यापेक्षा कमी, शिफ्ट आहेत, थंडीत पहाटे निघावं लागतं. ताजं प्रमाणपत्र आणि अर्जांची जुनी वही, दोन्ही बॅगेत आहेत.

खडीसाखर । ८ मार्च

अगं!! महिला दिनाला बातमी दिलीस. पुरणपोळी कर.

काका_सदाशिव । ८ मार्च

अभिनंदन. जुन्या पेन्शनचा टोमणा मागे घेतो.

ओटावाकर । ९ मार्च

'मी' लिहिताना लाज वाटली ना? ती पहिल्या पगारापर्यंतच टिकते. मनापासून अभिनंदन. शिरीष, वाचनखूण साठव, तो चौथ्या प्रश्नाचा परिच्छेद नमुना म्हणून.

शिरीष_पुष्प । ९ मार्च

साठवला. साहेबांना कळवलंस का?

नळपाणी । १० मार्च

लगेच फोन केला. ऐकून घेतलं सगळं, मग विचारलं, 'तिथे पाणी किती वाजता सोडता?' म्हटलं, साहेब, इथे सोडत नाहीत, चोवीस तास असतं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'मग वॉलमन दिवसभर करतो काय?'